पाच दिवसांनी हुकलेला विश्वचषक

बेळगावात टिळकवाडीतील लेले मैदानावर रविवारी सकाळी खेळायला येणाऱ्या मुलांपैकी एकाचे नाव ‘डिसेंबर’ असे पडले आहे आणि ते पाडण्यात माझाही हात आहे. त्याचा जन्म २७ डिसेंबर १९९९ चा. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात भरला, तेव्हा त्यात खेळण्यासाठी खेळाडूचा जन्म १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर झालेला असणे आवश्यक होते, आणि आमच्याकडे त्या हंगामात झालेल्या निवड चाचणीलाही हीच तारीख लावलेली होती. म्हणजे हा मुलगा पाच दिवसांनी मोठा ठरला. तो भारताच्या संघात गेला असता असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्याचा डावा पाय केवळ उभे राहण्यापुरता होता. पण चाचणीच्या मैदानात पाऊल टाकण्याआधी टेबलावरच त्याचा निकाल लागला, ही गोष्ट त्याच्या मनातून अजून गेलेली नाही. “काका, आईनं अजून पाच दिस कळ काढली असती तर काय झालं असतं की!” असे तो तेव्हा म्हणाला होता, आणि त्याची आई शेजारीच उभी असल्यामुळे मला हसूही आवरावे लागले होते.

मी उद्यमबागेतील एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासण्याचे काम करतो. आमच्याकडे भोकाचे माप बघायला ‘गो’ आणि ‘नो-गो’ असे दोन टोकांचे गेज असते. ‘गो’ टोक भोकात अलगद सरकले पाहिजे आणि ‘नो-गो’ टोक तोंडाशीच अडले पाहिजे. नाहीतर तो भाग बाजूच्या लाल पेटीत जातो, मग तो घडवायला कामगाराने दिवस घालवलेला असो की तास. वयोगटाची तारीख हे असेच एक गेज आहे. फरक एवढाच की लाल पेटीत गेलेला लोखंडाचा तुकडा पुन्हा भट्टीत टाकता येतो.

या स्पर्धेचा सारा इतिहास मला या गेजचाच इतिहास वाटतो. ती १९८५ साली चीनमध्ये सुरू झाली तेव्हा मर्यादा सोळा वर्षांची होती, आणि पहिल्याच वर्षी नायजेरियाने अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला २-० असे हरवून सर्वांना चकित केले. १९९१ मध्ये इटलीतील स्पर्धेपासून मर्यादा सतरा झाली. नायजेरियाने ही स्पर्धा आजवर पाच वेळा जिंकली असून ब्राझीलला चारच विजेतेपदे मिळाली आहेत. १९८९ मध्ये तर सौदी अरेबियाने ग्लासगोत, यजमान स्कॉटलंडला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर पेनल्टींवर हरवून चषक नेला. मोठ्यांच्या विश्वचषकाशी ही यादी ताडून पाहिली की ही मुले खरेच त्या वयाची होती का, हा प्रश्न पडतोच, आणि तो जगाने उघडपणे विचारलाही. स्कॉटलंडमध्ये सौदी मुलांच्या वयाविषयी पुष्कळ कुजबुज झाली, पण सिद्ध काहीच झाले नाही. नायजेरियाच्या बाबतीत मात्र काही खेळाडूंच्या जन्मतारखा एका स्पर्धेत एक आणि दुसऱ्या स्पर्धेत दुसरी अशा आढळल्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या युवा संघांवर फिफाने दोन वर्षांची बंदी घातली.

आपण हे वाचतो आणि ‘लबाड लेकाचे’ म्हणून मोकळे होतो. मला ते इतक्या सहज म्हणता येत नाही, कारण माझी स्वतःची जन्मतारीख खोटी आहे.

माझा जन्म खानापूर तालुक्यातील एका खेड्यात, आईच्या सांगण्याप्रमाणे १९७१ च्या दिवाळीच्या पाडव्याला झाला. शाळेच्या रजिस्टरात मात्र १ जून १९७१ अशी तारीख आहे. माझ्या वर्गात १ जूनला जन्मलेले आम्ही चौदा जण होतो, आणि आमच्या वयाच्या खेड्यातील कोणत्याही माणसाला यात नवल वाटणार नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, वडील पोराचे बखोट धरून न्यायचे, जन्माचा दाखला कोणाकडेच नसायचा. मग गुरुजी म्हणायचे, ‘डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धर बघू.’ उजव्या हाताची बोटे डाव्या कानाला लागली की पोर सहा वर्षांचे झाले. माझे हात लांब होते. बोटे कानाला लागली, गुरुजींनी जांभळ्या शाईने १ जून लिहिले आणि खाली ती तारीख अक्षरीही लिहिली, जेणेकरून पुढे कोणाला खाडाखोड करता येऊ नये.

त्या लांब हातांची किंमत मी १९८७ मध्ये मोजली. सोळा वर्षांखालील शालेय संघात मी गोलकीपर होतो आणि वयाची मोजणी जुलैत होती. रजिस्टराप्रमाणे मला जूनमध्ये सोळा पूर्ण झाली होती. खरी सोळा व्हायला दिवाळी उजाडायची होती. पोरे वय चोरून लहान होतात, मी कागदावर साडेचार महिन्यांनी मोठा होऊन बाहेर बसलो. अधिकारी मनुष्य वाईट नव्हता. तो म्हणाला, ‘तू खरे बोलत असशील, पण मला कागदाशीच बोलावे लागते.’ बऱ्याच वर्षांनंतर माझ्या वाचनात आले की त्याच जुलै महिन्यात कॅनडात सोळा वर्षांखालील विश्वचषक चालू होता आणि सोव्हिएत संघाने अंतिम सामन्यात नायजेरियाला पेनल्टींवर हरवले होते. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तो महिना वाचताना डोळे थबकले.

कान धरायला लावणाऱ्या गुरुजींची आठवण मला अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा झाली. २००९ साली नायजेरियात झालेल्या स्पर्धेपासून फिफाने मुलांच्या मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. अंगठ्याच्या बाजूला असलेल्या हाडाच्या मनगटाकडील टोकाशी वाढीची एक पातळ चकती असते. मूल वाढत असते तोवर ती हाडापासून वेगळी दिसते, वयात येताना ती हळूहळू हाडात मिसळू लागते आणि शेवटी तिचा मागमूस राहत नाही. या मिसळण्याच्या सहा पायऱ्या डॉक्टरांनी ठरवल्या आहेत, आणि सहावी पायरी गाठलेला मुलगा सतरा वर्षांच्या आत असण्याची शक्यता अगदीच नगण्य असते. क्ष-किरणांऐवजी एमआरआय निवडण्याचे कारणही योग्यच आहे, कारण धडधाकट मुलांच्या अंगावर केवळ वय बघण्यासाठी किरणांचा मारा करणे बरे नव्हे. त्या वर्षी यजमान नायजेरियालाच स्पर्धेच्या तोंडावर अनेक खेळाडू वगळावे लागले, आणि तरीही त्यांनी अंतिम फेरी गाठली. तेथे ते स्वित्झर्लंडकडून १-० असे हरले.

गुरुजींचीही कसोटी हाताचीच होती, आणि फिफाचीही हाताचीच आहे. फिफाची अर्थातच फार नेमकी. पण तिलाही मुलाचे वय सांगता येत नाही. हा नक्कीच मोठा आहे, एवढेच ती सांगते. म्हणजे पुन्हा ‘नो-गो’च. ज्याची चकती अजून मिसळलेली नाही त्याला शेवटी कागदच विचारला जातो, आणि कागदावर डिसेंबर असला की खेळ संपला.

१० ऑक्टोबर २०१७ रोजी मी रजा टाकली आणि आम्ही अकरा जण एका क्रूझरमध्ये कोंबून मडगावला गेलो. बेळगावच्या माणसाला मुंबई किंवा बंगळूरपेक्षा गोवा जवळचा. भारतातील सहा शहरांत सामने होते, त्यांत फातोर्डाचे मैदान होते, आणि एवढी मोठी स्पर्धा आपल्या दारात पुन्हा कधी येणार, असा सरळ हिशेब होता. जांबोटी मागे टाकून कणकुंबीला चहासाठी थांबलो, चोर्ला घाटात धुके होते, साखळी आणि फोंडा करत दुपारी मडगावात पोहोचलो. वाटेत सगळी चर्चा आदल्या रात्रीच्या दिल्लीतील सामन्याची होती. कोलंबियाविरुद्ध भारत एका गोलने मागे असताना ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जिक्सन सिंगने हेडर मारला होता आणि फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल झाला होता. आम्ही गल्लीत आरडाओरडा करून घरात येतो न येतो तोच कोलंबियाने दुसरा गोल केला होता. सामना २-१ असा गेला, तरी क्रूझरमध्ये कोणी हरल्यासारखे बोलत नव्हते.

स्टॅलिन बंगळूरचा, म्हणजे कागदोपत्री आमच्या राज्याचा. पण आमच्या गाडीतील पोरांचा जीव अडकला होता कोल्हापूरच्या अनिकेत जाधवमध्ये. कोल्हापूरचे पेठापेठांतील फुटबॉल, शाहू स्टेडियमवरची गर्दी, तालमीतालमींची ईर्ष्या हे सारे आमच्या पोरांना जवळचे. तिथला एक मुलगा भारताच्या निळ्या सदऱ्यात जगासमोर खेळत होता. ‘आपला’ कोण, यावर निपाणीपासून खानापूरपर्यंत आम्ही सत्तर वर्षे वाद घालत आहोत. त्या दिवशी गाडीत तो वाद एका मिनिटात मिटला, कारण दोघेही आपलेच निघाले.

फातोर्डावर आधी कोस्टा रिका आणि गिनी यांचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला. त्यानंतर दिव्यांच्या प्रकाशात इराण आणि जर्मनी उतरले. सामन्याआधी अंग गरम करणारी जर्मन मुले आमच्या बाजूला आली, तेव्हा डिसेंबर जाळीपाशी जाऊन बराच वेळ उभा राहिला होता. परत आल्यावर तो म्हणाला, “काका, हे सतरा वर्षांचे? ह्यांच्या पोटऱ्या माझ्या मांडीएवढ्या आहेत.” हा प्रश्न काही वेळातच निरर्थक ठरला. सहाव्या मिनिटाला युनूस देल्फीने गोल केला, मध्यंतराआधी त्यानेच दुसरा केला, आणि शेवटी इराणने जर्मनीला ४-० असे धुतले. उंची, पोटऱ्या, नावलौकिक यांतील काहीही जर्मनीच्या उपयोगी पडले नाही. इराणची मुले चेंडू काढून घेतल्यावर दोन-तीन पासांत गोलासमोर पोहोचत होती आणि जर्मनीचे बचावपटू प्रत्येक वेळी अर्धे पाऊल उशिरा वळत होते. मैदानात बसून पाहिल्याशिवाय ते अर्धे पाऊल कळत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावत असतो.

जर्मनीचा कर्णधार होता यान-फिटे आर्प. त्याची जन्मतारीख ६ जानेवारी २००० आहे, हे डिसेंबरनेच परतीच्या वाटेवर मोबाइलमध्ये शोधून काढले. म्हणजे आमच्या पोरापेक्षा तो दहा दिवसांनी लहान, आणि सामन्याच्या दहा दिवस आधीच हॅम्बुर्गकडून बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल साखळीत, खेळून आलेला. चोर्ला घाटात मध्यरात्री, बाकीचे सगळे एकमेकांच्या खांद्यांवर माना टाकून झोपलेले असताना, हा मुलगा एकेका खेळाडूची जन्मतारीख वाचून दाखवत होता. इंग्लंडचा फोडेन, २८ मे. इंग्लंडचाच ब्रूस्टर, १ एप्रिल. अनिकेत, १३ जुलै. सगळे २०००. मग जिक्सनशी येऊन तो थांबला, कारण तेथे २१ जून २००१ लिहिलेले होते. भारताचा एकमेव गोल करणारा मुलगा मर्यादेपासून जवळजवळ दीड वर्ष आत होता.

त्या रात्री मला या स्पर्धेतील खरी मेख लक्षात आली, आणि फुटबॉलवर लिहिणारे लोक तिच्याविषयी फारसे बोलत नाहीत. स्पर्धा दर दोन वर्षांनी, विषम वर्षी होत असे. त्यामुळे सम वर्षी जन्मलेल्या मुलांना ती ऐन सतराव्या वर्षी मिळे, आणि विषम वर्षी जन्मलेल्यांना एक तर सोळाव्या वर्षी, नाहीतर कधीच नाही. नायजेरियाच्या व्हिक्टर ओसिमेनचेच पाहा. त्याचा जन्म २९ डिसेंबर १९९८ चा. म्हणजे तोही डिसेंबरच, पण सम वर्षाचा. २०१५ मध्ये चिलीत तो मर्यादेच्या जवळजवळ एक वर्ष आत होता, दहा गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला आणि नायजेरियाने चषक जिंकला. आमचा डिसेंबर एका वर्षाने नंतरचा. २०१५ मध्ये तो पात्र होता खरा, पण पंधरा वर्षांचा. समोर असणार जवळजवळ दोन वर्षांनी मोठी पोरे. आणि २०१७ मध्ये पाच दिवसांनी बाद. पंधरा आणि सतरा यांच्यात दोन वर्षांचे अंतर आहे असे गणित सांगते; ज्याने त्या वयाच्या मुलांना एकमेकांवर आदळताना पाहिले आहे, त्याला ते अंतर दोन वर्षांहून फार मोठे दिसते. एकाच वर्षातही जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांचे पारडे वर्षअखेरीस जन्मलेल्यांपेक्षा जड असते, हे जगभरच्या वयोगट संघांच्या याद्या पाहिल्या की दिसते.

त्या वर्षी भाऊबीजेला, २१ ऑक्टोबरला, फातोर्डावर उपांत्यपूर्व सामना होता. बहीण घरी येणार म्हणून मी गेलो नाही. तिच्याकडून ओवाळून घेऊन टीव्हीसमोर बसलो आणि ब्रूस्टरने अमेरिकेविरुद्ध तीन गोल केलेले पाहिले. इंग्लंड ४-१ असे जिंकले. पुढे ब्राझीलविरुद्धही त्याने तीन गोल केले, आणि कोलकात्यात अंतिम सामन्यात स्पेनने दोन गोलांची आघाडी घेतल्यावर इंग्लंडने पाच गोल चढवून ५-२ असा सामना काढला. फोडेन स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढे मँचेस्टर सिटीकडून त्याने जे केले ते सर्वांसमोर आहे. ब्रूस्टर त्या स्पर्धेत आठ गोल करून पहिला आला. पुढे दुखापतींनी त्याला गाठले. आर्प बायर्न म्युनिकला गेला, पण तेथील मुख्य संघात त्याचे बस्तान बसले नाही. सतराव्या वर्षी केलेले गोल विसाव्या वर्षी वटतातच असे नाही, आणि मेस्सी तर या स्पर्धेत कधी खेळलाच नाही.

२०२५ पासून फिफाने ही स्पर्धा दरवर्षी घ्यायची ठरवली, संघ चोवीसचे अठ्ठेचाळीस केले आणि पहिली पाच वर्षे यजमानपद कतारला दिले. त्यावर पुष्कळ टीका झाली: सामने वाढवून पैसा ओढण्याचा उद्योग, मुलांवर ताण, दर्जा घसरणार. अठ्ठेचाळीस संघांबद्दल मलाही शंका आहे; गटातील काही निकाल पाहवत नाहीत. पण दरवर्षी स्पर्धा घेण्याच्या बाजूने मी उभा आहे, भले फिफाचा हेतू काहीही असो. आता प्रत्येक जन्मवर्षाला सतरावे वर्ष मिळते. सम-विषमाचा जुगार संपला. डिसेंबर तरीही डिसेंबरच राहणार. वर्षाची रेषा कुठेतरी आखावीच लागते, आणि जिथे आखू तिथे तिच्या अलीकडे कोणीतरी पाच दिवसांनी उभा असणारच. पण निदान त्याला आधीच्या वर्षी सोळाव्या वयात एक स्पर्धा मिळेल, पंधराव्या नव्हे.

आणखी एक हिशेब आपल्या कामाचा आहे. २०१८ मध्ये मलेशियात, या विश्वचषकाची पात्रता ठरवणाऱ्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलांनी बिबियानो फर्नांडिस या गोवेकर प्रशिक्षकाच्या हाताखाली उपांत्यपूर्व फेरी गाठली, तेथे दक्षिण कोरियाकडून ती १-० अशी हरली आणि विश्वचषक एका सामन्याने हुकला, कारण त्या वेळी आशियातून चारच संघ जात होते. आता उपांत्यपूर्व फेरी गाठणारे आठही संघ जातात. आजचा नियम तेव्हा असता तर ती मुले यजमानपदाच्या दयेवर नव्हे, खेळून विश्वचषकात गेली असती. २०२५ च्या नोव्हेंबरात पोर्तुगालने ऑस्ट्रियाला १-० असे हरवून कतारमधील चषक उचलला, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी अहमदाबादला भारताच्या मुलांनी, पुन्हा फर्नांडिसांच्याच हाताखाली, इराणला २-१ असे हरवून पुढच्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. इराणचे नाव ऐकून आम्ही फातोर्डावर गेलेले सगळे एकमेकांना फोन करत होतो.

डिसेंबर आता खडेबाजारात मामाच्या दुकानात बसतो आणि रविवारी लहान पोरांना शिकवतो. त्याच्या पिशवीत चेंडूंपेक्षा कागद जास्त असतात. आमच्या भागात एका पोराचे तीन कागद असतात: जन्माचा दाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत आणि आधार कार्ड इंग्रजीत. कन्नडमधला ‘गणेश’ इंग्रजीत जाता जाता ‘गणेशा’ होतो, आडनाव कधी पुढे येते तर कधी गळते, आणि अर्ज तपासणारा तिन्ही नावे जुळत नाहीत म्हणून परत पाठवतो. तारीख जुळली तरी नाव जुळत नाही, नाव जुळवून आणावे तर वडिलांचे नाव राहिलेले असते. त्यासाठी किती जणांचे हेलपाटे झाले, याचा हिशेब डिसेंबरकडे वहीत आहे. नवीन पोर आले की तो खेळ बघण्याआधी आईवडिलांना कागद आणायला सांगतो, आणि नऊ-दहा वर्षांच्या वयातच तिन्ही नावे एक करून घेतो.

मागच्या रविवारी वडगावहून एक बाई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. पिशवीतून त्यांनी जन्माचा दाखला काढला, डिसेंबरने तो दोनदा वाचला आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवला. जन्मतारखेच्या रकान्यात १ जानेवारी होती.

“काका,” तो म्हणाला, “हे पोर नशीब काढून आलंय.”

पोर तोवर चेंडू पायात घेऊन आपल्याच गोलाकडे सुसाट निघाले होते.